खोलीतली तिसरी

सिंदीहून वर्ध्याला जाणारी सकाळची पॅसेंजर पकडून मी सहा वर्षं परक्या माणसांचे आजार टाइप करायला जात होते. असं एका वाक्यात सांगितलं की लोक आजही हसतात. तेव्हाही हसायचे. सासरे कापसाचे अडते. सून कुठल्याशा दवाखान्यात कामाला आहे, एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलेलं. ‘कोनता दवाखाना?’ असं कुणी विचारलं की ते ठसक्यात ‘अमेरिकेतला’ म्हणायचे आणि विचारणारा गप्प. आता बोला!

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. वर्ध्यात एका कापडदुकानाच्या वर लांबट खोली होती, खिडक्यांना काळा कागद लावलेला, आत बारा संगणक. तिकडचे डॉक्टर रुग्ण तपासला की त्याच्याबद्दल यंत्रात बोलून ठेवायचे. त्यांची रात्र झाली की आपली सकाळ होते, तेवढ्यात तो आवाज समुद्र ओलांडून आमच्याकडे येऊन पडलेला असायचा. आम्ही कानाला हेडफोन लावायचे आणि ऐकू येईल ते शब्दाला शब्द इंग्रजीत टाइप करायचं. पायाखाली शिलाई मशीनसारखं पेडल. पुढून दाबलं की आवाज चालू, टाचेनं दाबलं की मागे. यासाठी मी नागपूरला सहा महिने शिकले होते आणि त्याचा मला भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर एकटेच बोलत असतील असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. त्यांच्या मागे ती खोली असते. खुर्ची सरकते, नळ वाहतो, कुणी खोकतं. एकदा एका म्हाताऱ्याच्या फाईलमध्ये डॉक्टरच्या प्रत्येक वाक्यामागे त्याचा श्वास होता, घरघर लागलेला. दुसऱ्या दिवशी त्याच नावाची दोन ओळींची फाईल आली. तो गेला होता. दुपारी डबा उघडला तरी माझ्या कानात त्याचा श्वास चालूच. मी शेजारच्या बाईला विचारलं, ‘तुला ऐकू येतंय का गं काही?’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं भाजी वाढून घेतली.

कामावर लागताना आमच्याकडून एका स्टॅम्पपेपरवर सही घेतली होती. इथलं बाहेर बोलायचं नाही. आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते दर महिन्याला ते वाचून दाखवायचे. त्यांचं दुसरं आवडतं भाषण सेवांच्या व्यापाराचं. म्हणायचे, पूर्वी देशाबाहेर माल जायचा, आता काम जातं, देशादेशांत त्याचे करार होऊन राहिलेत, सीमेवर आडकाठी नको म्हणून, आणि तुम्ही बायका त्या व्यापाराच्या अगदी पुढच्या रांगेत बसला आहात. आम्ही मान डोलवायचो. पुढच्या रांगेत पंखा नव्हता, पण ते असो.

आता तिच्याबद्दल. ती माझी वर्गमैत्रीण. पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत एका बाकावर. मी गावातलीच आणि लग्न होऊन गावातच दिली गेले, तेही बरोबर तिच्या घरासमोर. ती मात्र लग्न करून अमेरिकेला गेली. तिची आई, म्हणजे आमच्या गल्लीची काकू, एकटीच राहायची. दर रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा आणि मग काकू दारात उभी राहून अख्ख्या गल्लीला तो ऐकवायची. अशाच एका रविवारी तिनं सांगितलं, ‘माह्या पोरीले दिवस गेले वं!’ मला इतका आनंद झाला की मी काकूला उचलायलाच गेले. मला स्वतःला लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. पण त्या दिवशी मला जराही टोचलं नाही, अगदी शपथेवर सांगते.

महिन्याभरानं, एका मंगळवारी, माझ्या वाट्याला एक फाईल आली. वरच्या चौकटीत नाव असतं, जन्मतारीख असते. मी ते वाचलं आणि हात कीबोर्डवरून खाली आले. म्हटलं, असेल दुसरी कुणी. एका नावाच्या काय कमी बायका असतात? मग डॉक्टर बोलायला लागले. वय सत्तावीस, मूळची मध्य भारतातल्या एका लहान गावची, डाव्या कोपराजवळ लहानपणी बैलगाडीवरून पडल्याची जुनी खूण. ती बैलगाडी म्हणजे कापसाची बंडी होती आणि ती पडली तेव्हा मीच तिला परत वर ओढलं होतं. मी तिथं होते.

पुढचं मी टाइप केलं. अकराव्या आठवड्यात रक्तस्राव, गर्भ टिकला नाही, पिशवी साफ करावी लागली. पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं लागेल. आणि मग डॉक्टर म्हणाले की रुग्णाची विनंती आहे, घरच्या फोनवर कुठलाही निरोप ठेवू नये. माहेरी अजून सांगितलेलं नाही. तिचं मन होईल तेव्हा ती स्वतः सांगेल. एवढं बोलून त्यांनी बहुधा तिच्याकडे पाहिलं असावं, कारण त्यांनी विचारलं, ‘ओके?’ आणि मागून तिचा आवाज आला, ‘ओके.’

एवढा एकच शब्द. पण तो आमच्या शाळेतला होता, आमच्या गल्लीतला होता. मी टाच दाबली, पुन्हा ऐकलं. पुन्हा दाबली. किती वेळा, ते मला सांगता येणार नाही. खिडकीवर काळा कागद, बाहेर वर्ध्याचं भर दुपारचं ऊन, आणि माझ्या कानात ती पुन्हा पुन्हा ‘ओके’ म्हणत होती. शेवटी सरांनी येऊन विचारलं, मशीन बिघडलं का.

संध्याकाळी गाडीतून उतरून गल्लीत शिरले तर काकू ओट्यावर बसून हिरव्या खणाची चोळी शिवत होती. ‘येजो बरं शुक्रवारी,’ म्हणाली, ‘चोरचोळी करून राह्यली मी पोरीची.’ आमच्याकडे बाईला तिसरा महिना लागला की गाजावाजा न करता, चार जणींत, हिरवी चोळी देतात आणि ओटी भरतात. म्हणून ती चोरचोळी. पोर साता समुद्रापलीकडे असली म्हणून काकू थोडीच सोडणार! तिच्या जागी दुसरी सवाष्ण पाटावर बसवायची, तिची ओटी भरायची आणि चोळी पार्सलनं पाठवायची, असं तिनं ठरवलं होतं. ‘तू बैस तिच्या जागी,’ काकू म्हणाली. ‘तुलेही गुण येईन.’

त्या बाईनं माझ्यासाठीही त्यात एक मागणं घातलं होतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तीन दिवस मी स्वतःला समजावत होते की त्याआधी ती फोन करेल, सांगेल, काकू रडेल आणि हे सगळं आपोआप थांबेल. फोन आला नाही. तिनं सांगितलं नव्हतं, कारण अजून तिचं मन झालं नव्हतं. तिचा अधिकारच होता तो. पण इकडे मी मात्र सुटीचा अर्ज देऊन, हिरवी साडी नेसून, समोरच्या घरात पाटावर जाऊन बसले.

काकू धरून चौघी बायका होत्या. काकूनं मला कुंकू लावलं, गजरा माळला. ती मला लेकीच्या नावानं हाक मारत होती, तसंच करायचं असतं म्हणे. मी ओ देत होते. तिसऱ्यांदा ओ दिली आणि मला वाटलं की माझ्यामागून आणखी कुणी ओ दिली. मागे भिंत होती. काकूनं तांदळाची ओंजळ माझ्या पदराकडे आणली. त्या पदरात काय पडणार होतं आणि कुणासाठी, हे तिथल्या पाच बायकांत मला एकटीला माहीत होतं. माझ्यानं पदर पसरवेना.

मी उठले. ‘काकू, मी नाई बसत.’

‘काऊन?’ काकूच्या ओंजळीतले तांदूळ तसेच. ‘काऊन वं? काय झालं?’

डोकं दुखतं, चक्कर येते, पाळी आली, हजार कारणं होती. एकही तोंडातून निघेना. मूल नसलेली बाई भरली जाणारी ओटी टाकून उठते, याचा अर्थ आमच्यात दोनच तऱ्हेनं लागतो. एक तर ती जळते, नाहीतर त्या पाटाबद्दल तिला काही वाईट ठाऊक असतं. बाकीच्या तिघींनी पहिला अर्थ लावला, त्यांच्या नजरेत दिसला मला. काकू मला लहानपणापासून ओळखत होती. तिनं दुसरा लावला. ती तांदूळ ताटात ठेवून सरळ फोनपाशी गेली, तिकडे किती वाजले असतील याचा विचार न करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा फोन वाजला. तीच होती. मी रडायला लागले, ती रडत नव्हती.

‘आईनं मले विचारलं, पोट हाय का गेलं. सरळ तसंच विचारलं. सांगावं लागलं मले. म्हने तू पाटावरून उठली.’

‘माझ्याकडे आली गं तुझी फाईल. मी मागितली नव्हती.’

ती अगदी हळू म्हणाली, ‘रातभर विचार करून राह्यली मी. खोलीत दोघंच होतो. दार लावलेलं होतं. डॉक्टर आन मी. नवऱ्यालेही बाहेर बसवलं होतं मीनं. आन तिसरी तू होती. तुले अजून काय काय माहीत हाय माह्याबद्दल?’

‘काही नाही,’ मी म्हणाले. ते खोटं होतं. तिचं वजन, तिच्या झोपेच्या गोळ्या, सगळंच मला माहीत होतं. तिनं फोन ठेवला आणि त्यानंतर मला कधीच केला नाही.

सोमवारी मी सरांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. नोकरी जाईल या तयारीनं गेले होते. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो स्टॅम्पपेपर काढला, दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘बाहेर बोलू नये असं आहे. ओळखीचं माणूस निघालं तर काय करायचं, ते नाही इथं.’ त्यांनी वर, आम्हाला काम देणाऱ्या कंपनीला, विचारलं. वरून उत्तर आलं की सर्व पक्षांनी कराराचं पालन केलेलं आहे. सरांनी ते मला वाचून दाखवलं, जणू मला बरं वाटेल.

त्याच सुमारास वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये बाहेरून आलेल्या एका वकीलबाईंचं व्याख्यान होतं, सेवांच्या व्यापाराचे जागतिक करार आणि माणसांची खाजगी माहिती असा काहीसा विषय. पाटी पाहिली आणि मी आत शिरले. बाई सांगत होत्या की अशा करारात माहितीचं संरक्षण करायची मुभा देशांना आहे, पण त्या निमित्तानं व्यापाराला आडकाठी केली असं दिसता कामा नये. आणि आपल्याकडे तर त्यासाठी धड कायदाच नाही. मी उभी राहिले. विचारलं, ‘समजा एक बाई परदेशात दवाखान्यात गेली आणि तिचा कागद तिच्याच माहेरच्या गल्लीत येऊन पडला. तिनं तक्रार कुठं करायची?’

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘दवाखान्याचा करार कंपनीशी. कंपनीचा तुमच्या मालकांशी. मालकांचा तुमच्याशी. वरती दोन सरकारांचा एकमेकांशी. ज्या बाईचा तो आजार आहे, तिचं नाव यातल्या एकाही करारात नाही.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाच्या रे बाप्पा? मी तोंड लपवून बाहेर पडले.

लेकीनं काकूला पुढे काही सांगणंच सोडून दिलं. रविवारचा फोन महिन्यावर गेला. बरी आहे, जेवली, इकडे थंडी आहे, बस. काकू दारात उभी राहायची, पण गल्लीला सांगायला तिच्याकडे काही नसायचं. मग एका संध्याकाळी मी स्टेशनावरून येत असताना तिनं मला ओट्यावरून हाक मारली आणि हळूच विचारलं, ‘तुह्या हापिसात काई आलं काय वं तिचं?’

मी चिडले. ‘काकू, असं विचारू नका!’ म्हणाले. आठ दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं. मग रोजच. पायरीवर बसून माझी वाट पाहायची आणि मी दिसले की फक्त भुवया उंचावायची. मी मान हलवायची, नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण मी खरंच पाहायला लागले होते. सकाळी कामाची यादी आली की वरपासून खालपर्यंत नावं वाचायची. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

दीड वर्षानं तिचं नाव दिसलं. दवाखाना वेगळा होता. तिनं बदलला होता तो, हे उघड आहे. आमच्यापासून पळाली बिचारी. पण दोन्ही दवाखान्यांचं लिखाण घेणारी कंपनी एकच होती, आणि ती कंपनी आम्हाला काम द्यायची. फाईल माझ्या वाट्याला नव्हती. मी शेजारच्या बाईकडून ती मागून घेतली.

नवा डॉक्टर, तरुण आवाज. दहावा आठवडा. सुरुवातीलाच त्यानं सांगितलं की आपण इथं जे बोलू ते कुठे लिहिलं जाईल, कोणत्या देशात, असं रुग्णानं विचारलं. मला नक्की माहीत नाही, असं त्यानं तिला सांगितलं होतं. त्यानंतर रुग्ण फार बोलली नाही. आधीचे आजार, काही नाहीत. आधीची गर्भारपणं, काही नाहीत. हे पहिलंच, असं म्हणते.

पहिलंच! पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवावं लागेल, हे पहिल्या डॉक्टरचे शब्द मीच टाइप केले होते. या डॉक्टरला ते माहीत नव्हते. नवऱ्यानं सांगितलं असेल? माहीत नाही. माझ्यामुळे तिनं आपल्याच डॉक्टरपासून आपलंच पोट लपवलं होतं. कागदाच्या शेवटी आम्हाला शंका लिहायला जागा असायची. तिथं मी एक ओळ लिहिली असती तर डॉक्टरनं तिला विचारलं असतं, आणि त्या क्षणी तिला कळलं असतं की मी पुन्हा खोलीत आहे. मग ती याही डॉक्टरकडून पळाली असती. कुठं?

मी दुपारी स्टेशनाजवळच्या बूथवरून तिचा नंबर फिरवला. तिनं उचलला, झोपेतला आवाज. ‘हॅलो? कोण?’ मी बोलायला तोंड उघडलं. ‘कोण आहे?’ तिचा आवाज बदलला, घाबरला. मी फोन ठेवून दिला. परत येऊन ऐकू आलं तसंच टाइप केलं, पहिलंच, आणि फाईल पाठवली. संध्याकाळी काकूनं भुवया उंचावल्या. मी मान हलवली.

पुढचे सात महिने मी जेवले, झोपले, गाडी पकडली, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं नाव दिसलं की भीती वाटायची, नाही दिसलं की त्याहून जास्त. शेवटी एका सकाळी बाळंतपणाची फाईल आली. तीही मी मागून घेतली. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो मी बाईमाणूस राहिले नव्हते, नुसता कान झाले होते. मुलगी. दोघी ठीक. मी संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आणि तरीही काकूला सांगितलं नाही. एकदा तरी तिची गोष्ट तिनं स्वतः सांगावी, असं मी मनाशी धरून बसले होते.

सव्वा महिन्यानं, एका रविवारी दुपारी, काकू वाटीत साखर घेऊन गल्ली ओलांडून आली. ‘मुलगी झाली माह्या पोरीले! महिना होऊन गेला म्हने.’ मी तोंडावर आश्चर्य आणलं, हात गालाला लावला, ‘अगं बाई!’ म्हटलं. काकू माझ्याकडे पाहत राहिली.

‘राहू दे,’ म्हणाली. ‘तुले माहीत होतं.’

मला वाटलं ती आता साखर फेकेल, शिव्या देईल. ती माझ्याजवळ पायरीवर बसली. बराच वेळ वाटीशी चाळा करत होती. मग खाली पाहूनच विचारलं, ‘लय त्रास झाला काय वं तिले?’

‘बावीस तास, काकू.’ मी सांगून टाकलं. सही, करार, काय व्हायचं ते होवो. ‘पण शेवटी सगळं नीट झालं. टाके चार पडले. बाळ लगेच रडलं.’

काकू एकेक शब्द मान हलवून घेत होती. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझा हात धरला. ‘मले हाक मारली काय तिनं?’

ते डॉक्टर बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘हो.’